एकशे दहाची लेन्स

मी स्कुटी थांबवली ती भांडायलाच. खोटं कशाला सांगू?

दहिवडीहून घरी येत होते. गावाच्या अलीकडे, बिरोबाच्या देवळासमोर मोकळा माळ आहे, तिथे भर उन्हात एक अनोळखी माणूस. मधोमध तीन पायांचं तिकाटणं उभं, त्याला दोरी बांधलेली, आणि दोरीचं दुसरं टोक ताणून धरत हा हळूहळू गोल चालतोय... फक्कीची पांढरी रेघ ओढत. आमच्या माण तालुक्यात परका माणूस माळावर दोरी घेऊन दिसला की त्याचा एकच अर्थ — मोजणी. डोंगरावर पवनचक्क्या आल्या, तेव्हाही आधी असाच एकटा माणूस दोरी घेऊन आला होता.

"ओ साहेब! कुणाला इचारून मोजताय?"

त्याने मान वर केली. नाकावर फक्की, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि डोळे... डोळ्यांचं मागाहून सांगते.

"मोजत नाहीये. आखतोय."

"आखताय? कबड्डी खेळायची का एकट्यानं?"

"या की तुम्ही. दोघं होऊ."

आगाऊ! मी स्कुटी स्टँडला लावली आणि ओढणी कमरेला खोचली. माझा अवतार बघून तो घाईघाईने म्हणाला, "फोटो काढायचाय हो. सगळ्या गावाचा, जत्रेच्या दिवशी. केरबाआबांनी बोलावलंय मला."

केरबाआबा म्हणजे माझे वडील. जत्रेचं सगळं तेच ठरवतात आणि घरात कोणाला सांगत नाहीत. माझी चांगलीच पंचाईत झाली. पण चढवलेला आवाज एकदम खाली तरी कसा आणायचा?

"मग रेघ गोल कशापायी? मानसं सरळ हुबी ऱ्हात्यात की."

"सरळ उभी केली तर टोकाची माणसं लांब पडतात, बारीक दिसतात. गोलावर उभी केली की सगळी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर. मी मधे उभा राहून वळत जाणार, एकेक तुकडा काढत जाणार, आणि मग सगळे तुकडे जोडून..."

"पॅनोरमा," मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मला जरा बरं वाटलं. दहिवडीच्या स्टुडिओत मी लग्नाचे अल्बम लावते. रोज कुणाच्या तरी मावशीला कापते आणि कुणाच्या तरी काकांना जोडते. हे त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. डोळ्यांचं आता सांगते. तपकिरी होते, आणि थेट बघायचे. पण बघण्याआधी क्षणभर थांबायचे... विचारून घ्यावं तसे.

त्याचं नाव जयराज. आमच्या शेवटच्या आळीतल्या शालूबाईंचा पुतण्या. त्याचे वडील फार वर्षांपूर्वी सांगलीला हळदीच्या पेठेत कामाला गेले आणि तिकडेच राहिले. जत्रेत उधळायचा भंडारा दरवर्षी तेच पाठवतात. ह्या वर्षी भंडाऱ्याच्या पोत्यांबरोबर मुलगाही आला होता, कॅमेरा घेऊन.

फोटोची कल्पना आबांची. देवळाचा नवा सभामंडप झाला, त्याची एक लांबच लांब भिंत कोरी होती. आमचे निम्मे लोक मुंबईला; गाव पुरतं भरतं ते फक्त जत्रेत. तेव्हाच सगळ्यांचा एक फोटो काढायचा, असं आबांनी ठरवलं. आणि फोटोत उभं राहायचं ते नैवेद्याच्या क्रमाने. बिरोबाला ज्या क्रमाने घरं नैवेद्य दाखवतात, त्याच क्रमाने, घर धरून. पहिला मान आमचा, म्हणून आम्ही डाव्या टोकाला. शेवटचा शालूबाईंचा, त्या उजव्या टोकाला. लेकीबाळींचं काय, असं कोणीतरी विचारलं, तर आबा म्हणाले, "लगीन हुईस्तवर बापाच्या जागी, मग सासरच्या जागी. ह्यात इचारायचं काय?"

खरंच, विचारण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा तरी.

दुसऱ्या दिवशी ताक द्यायच्या निमित्ताने मी शालूबाईंच्या अंगणात गेले. आबांनीच पाठवलं होतं, माझी काही चूक नाही. जयराज बाजेवर बॅग उघडून बसला होता. आत काळा, जाडजूड कॅमेरा आणि दोन लेन्स, मऊ फडक्यात गुंडाळलेल्या.

"मीडियम फॉरमॅट," तो म्हणाला. "नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा आतला सेन्सर दांडगा. फोटो भिंतीएवढा केला तरी फाटत नाही."

"आणि ह्या दोन?"

"ही पंचेचाळीस मिलिमीटरची. वाइड. कॅमेरा उभा धरला तरी चार-पाच वळणांत सगळं गाव मावतं. ही एकशे दहाची. लांबची लेन्स, थोडंच बघते, पण नीट बघते. हिच्यानं काढायचं तर वळणं दुपटीहून जास्त." त्याने पंचेचाळीसची उचलली. "हीच घेणार."

"का?"

"माणसं हलतात म्हणून. जितके तुकडे, तितके जोड. जोडावरच्या माणसानं मान वळवली की त्याला दोन नाकं. शिवाय लांब लेन्सला मागचा डोंगर जरा धूसर येणार."

"डोंगराला कोण बघतंय? तो कुठं मुंबईला जातोय?" मी एकशे दहाची उचलली. "भिंतीपाशी येऊन लोक पहिलं काय करणार? बोट ठेवून आपलं माणूस शोधणार. आणि पंचेचाळीसनं उभा फोटो काढलात तर वर निम्मं आभाळ आणि खाली निम्मी फक्की. माणसं मधे, मुंग्यांएवढी."

"मुंग्या नाही. जोंधळ्याच्या दाण्याएवढी."

"लय मोठं केलंसा की मग!"

तो हसला, आणि हळूच माझ्या हातातून लेन्स काढून घेतली. काचेवर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता. सकाळी भंडाऱ्याची पोती चाळायला मीच बसले होते. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने फडकं काढलं, ठशाकडे बघितलं... आणि फडकं तसंच ठेवून दिलं.

"पुसा की," मी म्हटलं.

"पुसतो. घाई काय आहे?"

शालूबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. "आवं, भांडा की अजून," त्या म्हणाल्या. "ह्या अंगनात लय दिसांनी मानसांचा आवाज आलाय."

मग चाचणी करायचं ठरलं, दोन्ही लेन्सनी. संध्याकाळी माळावर शालूबाईंना उजव्या टोकाला उभं केलं, मला डाव्या. जयराज मधे. वारा आडवा होता, देवळाची घंटा आपोआप किणकिणत होती. त्याने कॅमेरा एका पट्टीवर मागेपुढे सरकवला, एक डोळा मिटून काहीतरी जुळवलं. वळताना लेन्स जागची हलता कामा नये म्हणे, नाहीतर जवळचं आणि लांबचं जुळत नाही. आधी पंचेचाळीसने काढलं, झटक्यात संपलं. मग एकशे दहाची लावली. तो थांबायचा, वारा पडू द्यायचा, टिपायचा, थोडा वळायचा. इतक्या सावकाश... की मला त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळाला. हलायचं नाही अशी त्याचीच ताकीद होती. मी काय करणार?

शालूबाईंच्या घरी येऊन लॅपटॉपवर जोडून बघितलं आणि आम्ही दोघं हसून लोळायचे बाकी राहिलो. शालूबाईंची बांडी शेळी फोटोत तीन वेळा आली होती! जयराज वळत होता त्याच दिशेने ती चरत गेली होती. एकदा देवळापाशी, एकदा मधे, आणि एकदा शालूबाईंजवळ, मागच्या पायांशिवाय.

"म्हणून म्हणत होतो," जयराज म्हणाला. "जोडणाऱ्याला कळत नाही ना, ही एक की तीन. पंचेचाळीसला बघ, एकदाच आलीय. तिला पळायला वेळच नाही मिळाला."

बघ, म्हणाला. तुम्ही राहिलं मागे. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

"मग आता?"

"एक ठेवायची. बाकीच्या पुसायच्या."

तेवढ्यात शालूबाई वाकून बघायला आल्या. पंचेचाळीसच्या फोटोत त्यांनी स्वतःला शोधलं. चेहरा होता, पण कुणाचाही असावा तसा. मग मी एकशे दहाचा मोठा केला. हनुवटीवरचं हिरवं गोंदण, कपाळावरच्या आठ्या, तुटक्या मण्याची बोरमाळ... सगळं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही मी हाय," त्या म्हणाल्या. खूप दिवसांनी कोणी भेटावं तसं म्हणाल्या. जयराजने पंचेचाळीसचा फोटो बंद केला आणि मी जिंकले.

जत्रेपर्यंत मी ताक, भाकरी, लिंबं, काय काय पोचवलं. त्याने मला मीडियम फॉरमॅटचं पुराण सांगितलं, मी त्याला गावातल्या सगळ्या घरांची भांडणं सांगितली. कुणाला कुणाशेजारी उभं करायचं नाही ते कळायला नको? एकदा त्याने विचारलं, "सांगली बघितलीस कधी? कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी छान वाटतं." मी म्हटलं, "पानी आमाला टँकरमदीच बघायची सवय हाय." तो म्हणाला, "मग तर यायलाच पाहिजे." एवढंच. पण मी ते घरी नेऊन कितीदा तरी पुन्हा ऐकलं.

मी प्रेमात पडले होते. सरळच सांगते, आढेवेढे कशाला?

आणि त्याच वेळी आबांनी जेवता जेवता सांगितलं, की जत्रा झाली की मुंबईहून पाहुणे येणार आहेत मला बघायला. गावात बातमी पसरायला किती वेळ! दुसऱ्या दिवशी जयराज बाजेवर बसला होता आणि पंचेचाळीसची लेन्स फडक्याने पुसत होता.

"हीच घेतो," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पटकन आटपेल. दुपारच्या गाडीनं सांगलीला जायला बरं पडेल... तुमच्याकडेही पाहुणे येणार आहेत ना."

तुमच्याकडे! मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"शालूबाईंचं गोंदन दिसाय पायजे, असं ठरलंय आपलं."

"जोड वाढतात, दीपमाला. काहीतरी चुकतं."

"चुकू दे."

आता त्याने माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं होतं. मुंबईवाल्यांना मी बोलावलेलं नाही, तू थांब, आबांशी बोल, नाहीतर निदान मला तरी काहीतरी बोल... जगाशी भांडणारी माझी जीभ त्या अंगणात नेमकी टाळूला चिकटली. त्यानेही काही विचारलं नाही. फक्त पंचेचाळीसची बॅगेत ठेवली.

"बरं. एकशे दहा," तो म्हणाला.

मी घरी गेले ती शेळीचा विचार करत.

जत्रेच्या दिवशी सकाळी पातळ ढग होते. सावल्या मऊ, सगळे चेहरे सारखे उजळ. फोटोला याहून चांगला उजेड नाही. ढोल थांबले. भंडाऱ्याने पिवळं झालेलं सगळं गाव फक्कीच्या रेघेवर उभं राहिलं: म्हातारे खुर्च्यांवर पुढे, बायका मधे, गडी मागे. मुंबईची मंडळी गॉगल लावून आली होती, ते आबांनी काढायला लावले. जयराजने कॅमेऱ्यावर बाळाच्या टोपड्यासारखं प्लास्टिक चढवलं होतं, भंडारा लेन्समध्ये जाऊ नये म्हणून. ते काढून तो ओरडला, "मी पूर्ण फिरून होईपर्यंत कुणीही मान हलवायची नाही! आबा, तुम्हीसुद्धा!"

आबा छाती काढून ताठ. मी मुद्दामच बायकांत न थांबता त्यांच्या शेजारी, मागच्या रांगेच्या कडेला.

लेन्स आमच्याकडे वळली. जयराजने डोळा लावला. माझ्यावर जरा जास्त वेळ थांबला, असं मला वाटलं. मला वाटायचं काय, तेव्हा सगळंच वाटत होतं. खट् आवाज आला. मग तो वळला. आणखी एक. आमचं घर संपलं.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि मागच्या मागे सटकले.

गडीमाणसांच्या पाठीमागून मी पळत होते. गोखरू टोचत होते, ओढणी उडत होती. पाठीवर पाठी, फेट्यांचे शेमले, भंडाऱ्याचा वास. "काय गं दिपे?" धनाजीकाका ओठ न हलवता पुटपुटले. त्यांना मान वळवता येत नव्हती, कोणालाच येत नव्हती! रांगेतून दबलेलं हसू माझ्याबरोबर सरकत होतं. आबांना ते ऐकू गेलं असणार, पण आबा शब्दाचे पक्के. मान काही हलली नाही.

धापा टाकत मी उजव्या टोकाला पोचले. तिथे शालूबाई एकट्याच उभ्या होत्या, आपल्या घराच्या जागेवर. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, चपला टाकल्या, ओढणी सारखी केली. त्यांनी मान न हलवता माझा हात घट्ट धरला.

"आलीस व्हय?" त्या पुटपुटल्या. "मला वाटलं फुडल्या सालाला येतीस."

लेन्स वळत वळत आली. जयराज वाकला... आणि वाकलेलाच राहिला. मग त्याने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. आधी न थांबता, पहिल्यांदाच. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मी हलतेय, फोटो बिघडतोय, असं मला वाटलं.

"दाब की रं!" कुणीतरी ओरडलं. "माना मोडल्या आमच्या!"

त्याने दाबलं. मग उगीचच आणखी एकदा दाबलं.

दुपारची गाडी गेली. तो गेला नाही. मी शालूबाईंच्या अंगणात गेले तेव्हा फोटो जोडून झाला होता. एका टोकाला मी, आबांच्या शेजारी, ओढणी नीट, चेहरा गंभीर. दुसऱ्या टोकाला मी, केस विस्कटलेले, नाक लाल, शालूबाईंचा हात धरून.

"एक माणूस दोनदा आलंय," जयराज म्हणाला. "कुठली पुसू?"

"पहिली."

"दीपमाला... नीट विचार कर."

"केला. पळताना केला, त्याआधी दोन दिवस केला. तुझं काय ते बोल की आता!"

"मी पहिल्या दिवसापासून..." तो अडखळला. "मोजणीवाला समजून भांडायला आलीस ना, तेव्हापासून. पण तुझी पाहुण्यांची बातमी कळली आणि वाटलं, मी कोण मधे पडणारा?" त्याने लॅपटॉप मिटला. "पहिली मी पुसणार नाही. आबांच्या शेजारून तुला काढायचं, तर ते आबांना विचारून. चल."

मी ओढणी कमरेला खोचली आणि निघाले.

आबा सभामंडपात त्या कोऱ्या भिंतीला टेकून चहा पीत बसले होते. जयराजने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. आबांनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं.

"ह्यो मी. ही दिपी." बोट सरकलं. "ह्यो धनाजी, हसतोय का रं ह्यो? लीलाबाई... बिराप्पाचं घर..." बोट सावकाश सगळ्या गावावरून फिरत गेलं, उजव्या टोकाला आलं. "ही शालूबाई. आन् ही..."

बोट थांबलं. ते परत पहिल्या टोकाला गेलं. पुन्हा शेवटी आलं.

"जोडताना चुकलंय का रं?" आबांनी विचारलं.

जयराजला नुसतं हो म्हणता आलं असतं. एका शब्दात सगळं मिटलं असतं, आणि सांगलीच्या संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता.

"न्हाई, आबा," तो म्हणाला. सांगलीची सगळी शहरी भाषा गळून पडली. "जोड बरोबर हाय."

आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आन् तुजं?"

"माजं बी बरोबर हाय."

आबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. फोटो पुन्हा पहिल्या टोकाला नेला आणि स्वतःच्या तोंडावर वाकून वाकून बघत राहिले.

"माजं डोळं मिटल्यात," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी वाकून बघितलं. खरंच मिटले होते.

"हे काय बरोबर न्हाई. गावाच्या भिंतीवर मी झोपल्याला? फुडल्या जत्रंला फिरून काढायचा. तवर ह्योच लावा, काय पुसू नका. गाव हसंल, हसू द्या." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मुंबईच्यास्नी मी सांगतो, येऊ नका म्हनून. आन् फुडच्या येळंला ही पळनार न्हाई. लगीन झाल्यालं आसंल, शालूबाईपाशी शिस्तीत हुबी ऱ्हाईल. तूबी तितंच हुबं ऱ्हायचं रं, हिच्या शेजारी."

"मी?" जयराज गोंधळला. "मग आबा, कॅमेऱ्यापाशी कोण?"

"त्ये तुजं तू बघ," आबा उठत म्हणाले. "घरच्या जागी घरचं मानूस लागतंय."

ते देवळाकडे निघून गेले. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. जयराज शेजारी येऊन बसला, आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते हसत राहिलो.